काशीद, शिवा
(? – जुलै १६६०). छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेतील नाभिक. परंपरेनुसार तो पन्हाळगडाच्या पायथ्याच्या नेबापूर (जि. कोल्हापूर) गावचा. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. हजामत, अंगमर्दन, मंगलकार्यात दिवटी धरणे ही त्याची कामे. गळ्याशी वस्तरा धरणारा हा माणूस राजाच्या पूर्ण विश्वासातला असावा लागे.

मार्च १६६० मध्ये विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्यास वेढा घातला. राजापूर वखारीतील इंग्रजांनीही त्यास तोफांचे साहाय्य केले. पावसाळ्यातही वेढा ढिला पडेना, तेव्हा शरणागतीची बोलणी लावून महाराज १२ जुलैच्या रात्री विशाळगडाकडे निघाले. त्यांच्या वेशात शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून नेहमीच्या वाटेने गेला. दोघांच्या चेहऱ्यांत साम्य होते, असे सांगतात. तथापि दाढीची व केसांची ठेवण हुबेहूब साधणे न्हाव्यासच सुलभ, हेही ध्यानात घ्यावयास हवे. शत्रूने त्यास पकडून छावणीत नेले व खरा प्रकार उघडकीस येताच ठार केले. मधल्या वेळात महाराज पुष्कळ पुढे गेले होते. पाठलाग पुन्हा सुरू झाल्यावर बाजीप्रभू देशपांडे याने घोडखिंड लढविली. बाजीप्रभूच्या मानाने काशीदाचे नाव मात्र दीर्घकाळ मागे राहिले.

फ्रेंच राज्यक्रांतीतही, १७९१ मधील राजकुटुंबाच्या पलायनप्रसंगी, राणी मारी आंत्वानेतचा केशरचनाकार लेओनार याच्यावर निरोप्याची कामगिरी सोपविली होती. ते पलायन फसले.

नेबापूर येथे शिवा काशीदाची समाधी दाखवितात.