‘झालं’ आणि ‘केलं’ : वैद्यकीय प्रवेशअर्जातला एक प्रश्न



उपयोजित नीतिशास्त्राच्या या मालिकेत आज आपल्याला एका अर्जातला एकच प्रश्न घ्यायचा आहे. अर्ज अमेरिकेतला आहे. तिथे वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर लगेच सुरू होत नाही. आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, आणि मग एम.डी.साठी अर्ज, असा क्रम असतो. बहुतेक एम.डी. महाविद्यालयांचे अर्ज ‘ॲमकास’ या सामायिक सेवेतून जातात. ही सेवा असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस, म्हणजे एएएमसी, ही संस्था चालवते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आता हा अर्ज भरला जातो, आणि त्यातल्या एका प्रश्नापाशी काही घरांची झोप उडते.

तो प्रश्न असा: अभ्यासातल्या असमाधानकारक कामगिरीबद्दल किंवा गैरवर्तनाबद्दल कोणत्याही महाविद्यालयाने तुमच्यावर कधी कारवाई केली आहे का? त्या कारवाईमुळे शिक्षणात खंड पडला नसला, तरी ‘होय’ म्हणायचं. गुणपत्रकावर तिचा उल्लेख नसला, किंवा महाविद्यालयाने तो नंतर पुसून टाकला असला, तरीही ‘होय’ म्हणायचं. मग खुलाशासाठी एक चौकट येते. तिच्यात जास्तीत जास्त 1325 अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून.

आपल्याकडच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर ठरतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो खरा, पण त्यात ‘चांगली’ हा शब्द इतक्या सवयीने लिहिला जातो की तो कुणी वाचतही नाही. वर्तणूक हा खरोखरच विचारण्याचा विषय असू शकतो, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली नाही. वास्तविक ती आपल्या परंपरेला परकी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यक शिकवण्याआधी शिष्य कसा पारखावा याची लांबलचक यादी आहे, आणि तिच्यात बुद्धीच्या जोडीला शीलही आहे.

आता पहिला प्रश्न. हे विचारायचं कशासाठी? 2005 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मॅक्सिन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले, आणि पुढे राज्यांच्या वैद्यकीय मंडळांनी ज्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली असे 235 डॉक्टर त्यांनी घेतले. तुलनेसाठी कारवाई न झालेले 469 डॉक्टर घेतले. मग दोन्ही गटांची विद्यार्थिदशेतली कागदपत्रं तपासली. कारवाई झालेल्यांच्या जुन्या नोंदींत गैरवर्तन आढळण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त निघाली. त्यातही दोन गोष्टींचा संबंध सर्वांत घट्ट होता: टोकाचा बेजबाबदारपणा, आणि स्वतःत सुधारणा करण्याच्या क्षमतेचा गंभीर अभाव.

हा निष्कर्ष जपून वाचायला हवा. तो वैद्यकीय महाविद्यालयातल्या वर्तनाबद्दल आहे. त्याआधीच्या पदवीच्या वर्षांबद्दल नाही. शिवाय संबंध म्हणजे भाकीत नव्हे. एकदा चुकलेला प्रत्येक विद्यार्थी वाईट डॉक्टर होतो, असं त्यातून निघत नाही. पण ती दुसरी गोष्ट पाहा: सुधारणेची क्षमता. प्रवेश समिती तुमच्या जुन्या गुन्ह्याचं वजन करते हे खरंच आहे, पण त्याहून अधिक ती शोधत असते ही क्षमता. ॲरिस्टॉटल म्हणतो की शील पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून घडतं. मग एका कृतीवरून शील ठरत नाही, आणि ‘मी सुधारलो’ या एका वाक्यावरूनही ठरत नाही. नंतरची वर्षं कशी गेली, यावरून ते ठरतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शिक्षा भोगून झाली, महाविद्यालयाने नोंदही पुसली, मग पुन्हा विचारता कशाला? इथे एक जुना भेद कामाला येतो. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. व्यवहाराच्या अध्यायात न्यायनिवाडा आणि दंड येतो, प्रायश्चित्त त्याहून वेगळं ठेवलेलं आहे. दंड दुसरा कुणीतरी देतो आणि तो एक दिवस संपतो. प्रायश्चित्त ज्याचं त्याने करायचं असतं, आणि त्याची सुरुवात दोष बोलून दाखवण्यापासून होते. महाविद्यालयाने नोंद पुसली म्हणजे त्याने आपला दंड मागे घेतला. घडलेली गोष्ट मात्र तुमच्या आठवणीत आहेच. अर्ज महाविद्यालयाच्या दप्तराला विचारत नाही, तो तुम्हाला विचारतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. वसतिगृहात बिअर सापडली म्हणून एका महाविद्यालयात लेखी कारवाई होते, दुसरीकडे नुसती तंबी देऊन सोडतात. गृहपाठात कॉपी चौघांनी केलेली असते आणि सापडतो एक. म्हणजे ‘होय’ लिहावं लागतं ते सापडलेल्याला. हा अन्याय आहे, आणि आम्ही तो नाकारणार नाही. पण त्यावरचा उपाय समितीच्या हातात आहे: बिअरची बाटली आणि ढापलेला प्रबंध एका मापाने मोजू नये, सतराव्या-अठराव्या वर्षीची गोष्ट आणि काल-परवाची गोष्ट एक धरू नये. अर्जदाराने ‘नाही’ लिहून हा अन्याय दूर होत नाही. त्या अन्यायात एका खोट्याची भर तेवढी पडते.

आणि ते खोटं फार जड जातं. घरातली वडीलधारी माणसं कळवळ्याने म्हणतात, “लिहू नकोस बाळा, कोण बघतंय?” बघणारे पुष्कळ आहेत. माहितीत तफावत दिसली तर एएएमसी चौकशी करू शकते आणि महाविद्यालयांना कळवू शकते. प्रवेश मिळाल्यावर खोटं उघड झालं तर तो रद्द होऊ शकतो. पुढे डॉक्टरकीचा परवाना मागताना पूर्वायुष्याबद्दल पुन्हा विचारणा होते. एक कारवाई प्रामाणिकपणे सांगितलेली असेल तर ती एक जुनी घटना असते. लपवलेली सापडली की ती आजची घटना होते.

आता मुख्य मुद्दा, आणि तो व्याकरणाचा आहे. समजा, एका मुलीने दुसऱ्या वर्षी निबंधात दुसऱ्याचे परिच्छेद उचलले. ती लिहिते: “त्या काळात माझ्यावर खूप ताण होता. संदर्भ देण्याबाबत गैरसमज झाला आणि माझ्याकडून चूक घडली. प्राध्यापकांनी कडक भूमिका घेतली.” या तीन वाक्यांत ती कुठे आहे? ताण होता, गैरसमज झाला, चूक घडली. आपली मराठी या बाबतीत फार सोयीची आहे. पेला फोडणारं मूलसुद्धा “फुटला” म्हणतं, “फोडला” म्हणत नाही.

हेच तिने असं लिहिलं तर? “दुसऱ्या वर्षी मी एका निबंधात दुसऱ्या लेखकाचे तीन परिच्छेद नाव न देता वापरले. मला नियम माहीत होता. त्या विषयात मला नापास केलं गेलं आणि एक सत्र मी देखरेखीखाली होते. त्यानंतर मी लेखन केंद्रात जाऊन संदर्भ द्यायला शिकले, आणि पुढची दोन वर्षं तिथेच इतर विद्यार्थ्यांना मदत केली.” चार-पाच वाक्यं. काय केलं, काय शिक्षा झाली, नंतर काय केलं. ताण असेल तर त्याचा उल्लेख करायला हरकत नाही, पण त्याला कर्त्याच्या जागी बसवायचं नाही. आणि शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. ते आधी जगावं लागतं. त्यासाठी अर्ज एखाद-दोन वर्षं पुढे ढकलावा लागला, तर ती वर्षं वाया जात नाहीत.

व्यवहारातल्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. अर्जाआधी महाविद्यालयाच्या विद्यार्थी कार्यालयात जाऊन आपल्या नावावर नेमकं काय नोंदलं आहे ते लेखी मिळवावं. ती ‘कारवाई’ ठरते की नुसती समज, हे तिथेच कळतं, आणि तारीख-तपशील जुळतात. दुसरं, अर्ज पाठवल्यानंतर नवी कारवाई झाली तरी ती महाविद्यालयांना कळवण्याचं बंधन आहे, आणि त्यासाठी कामकाजाचे दहाच दिवस मिळतात.

खरं लिहिलं की प्रवेश मिळतोच, असं आश्वासन आम्ही देणार नाही. काही दारं बंद होतील. पण हा प्रश्न डॉक्टर होऊ पाहणाऱ्यालाच इतक्या आग्रहाने का विचारावा, याचा विचार करा. रात्रपाळीला दमलेल्या डॉक्टरच्या हातून औषधाची मात्रा चुकते. आसपास कुणी नाही. रुग्ण झोपलेला आहे. त्या रुग्णाचा जीव पुढच्या काही मिनिटांत एका गोष्टीवर अवलंबून असतो: तो डॉक्टर वरिष्ठांना फोन करून “मी जास्त मात्रा दिली” असं म्हणतो की नाही. “जास्त गेली” नव्हे, “दिली”. हे वाक्य त्या रात्री एकाएकी सुचत नाही. त्याची सवय आधी कुठेतरी लागलेली असावी लागते, आणि 1325 अक्षरांची ती चौकट ही सवय लावून घेण्याची एक जागा आहे.

इथे थांबू. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.