आजोबांचा दाखला

बारावीचा निकाल लागला की त्या आठवड्यात माझा फोन गरम होतो. "बाई, ७४ टक्के पडले. आता पुढं काय करायचं?" कधी मुली विचारतात, बहुतेक वेळा त्यांच्या आया. मी बार्शीतल्या एका शाळेत मराठी शिकवते, अकरावी-बारावीचेही तास घेते. करिअरतज्ज्ञ वगैरे नाही. पण छोट्या गावात ज्या बाईंनी व्याकरण शिकवलं, त्यांनाच सगळं ठाऊक असतं असं लोक धरून चालतात! फोन ठेवताना दरवेळी मनात येतं, अगं, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होतास. तोंडावर मात्र म्हणत नाही. कारण एका मुलीच्या बाबतीत तो प्रश्न मीही वेळेवर विचारला नव्हता.

२०१८ सालची गोष्ट. माझ्या वर्गातली मुलगी, बारावी सायन्स. वडील शिलाईकाम करतात. शर्ट-पँट आता कमी, शाळेचे गणवेश आणि अल्टरचं काम जास्त. पोरगी अबोल, पण अभ्यासाला चिकट. सीईटीत चांगले गुण मिळाले आणि फार्मसीला इतर मागासवर्गाच्या जागेवर तिचा नंबर लागला. घरी पेढे वाटले. आणि मग कागदपत्रं तपासताना कुणीतरी विचारलं, "जात वैधता प्रमाणपत्र कुठं आहे?"

तिच्याजवळ जातीचा दाखला होता. तोच तो कागद, अशी तिची आणि तिच्या वडिलांची समजूत. पण हे दोन कागद वेगवेगळे. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. तो खरा की खोटा हे पडताळून जिल्ह्याची समिती जे देते ते वैधता प्रमाणपत्र. त्यासाठीचे अर्ज भरायची सूचना आदल्या वर्षी आली होती. वर्गशिक्षिका मीच. सूचना वाचून दाखवली, फळ्यावर लावली आणि दुसऱ्या तासाला निघून गेले. कुणी भरला, कुणी नाही, हे विचारलंच नाही.

मग सुरू झाली धावपळ. समितीला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे मुलगी शिकायची आहे आज, पण शोधायचा तो आजोबांचा शाळेचा दाखला! तिचे आजोबा वैरागकडच्या एका खेड्यात दुसरीपर्यंत शिकलेले. शाळेला सुट्टी. मुख्याध्यापकांची बदली झालेली, नवे आलेले नाहीत. जुनी रजिस्टरं कपाटात आणि कपाटाची किल्ली गुरुजींकडे. शेवटी उतारा मिळाला, तर त्यात आजोबांचं नाव वेगळं. घरात सगळे ज्यांना अण्णा म्हणत, कागदोपत्री ज्यांचं नाव एक, त्यांना मास्तरांनी तिसऱ्याच नावानं दाखल करून घेतलेलं. मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा सोलापूरच्या खेपा.

प्रमाणपत्र आलं नोव्हेंबरात. राखीव जागा त्याआधीच गेली होती आणि खुल्या गटात तिचा नंबर लागत नव्हता. तिनं गावातच बीएस्सीला नाव घातलं आणि दुसऱ्या वर्षात असताना तिचं लग्न ठरलं. "स्थळ चांगलं आहे बाई, आणि फार्मसी तर हुकलीच," असं तिची आई म्हणाली. त्यावर मी काय बोलणार?

२०२० च्या संक्रांतीला ती माझ्याकडे तिळगूळ घेऊन आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. छान दिसत होती. मी चहा टाकला. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "बाई, माझं जाऊ द्या. धाकटी नववीत आहे. तिचं तेवढं आत्तापासून बघाल का?"

त्या शब्दांत तक्रार नव्हती. असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. प्रत्येक मुलीला एक पान. शनिवारची सकाळची शाळा सुटली की नववी-दहावीच्या दोन-तीन मुलींना आणि त्यांच्या आयांना बोलावते. वडिलांनाही बोलावते, पण ते बहुधा पैशाचा विषय निघाला की उगवतात! पानावर वरच्या बाजूला कागद. खाली पैसा आणि येणं-जाणं. आणि अगदी खाली, मुलगी एकटी असताना, तिला काय करायचं आहे ते तिच्या हातानं.

कागदांचं आधी सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच सगळ्यांचं राहून जातं. मैत्रिणींनो, मुलगी नववीत असेल तर या सुट्टीत एवढंच करा: शाळेच्या रजिस्टरमधलं तिचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि आधारवरचं नाव एकाखाली एक लिहून बघा. एका अक्षराचाही फरक असला तरी दहावीचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. मुलगी शाळेत आहे तोवर हे काम जमतं. एकदा दाखला हातात पडला की फार जड जातं. दुसरं, आजोबांची शाळा शोधा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, वडिलांकडच्या कुणाचाही जुना उतारा चालू शकतो. माहेरचा नाही चालत. कितीतरी आया आपल्या वडिलांचे दाखले हौसेनं घेऊन येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. घरात वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झालेली असेल तर ती आधी मिळवा, तो सगळ्यात भक्कम पुरावा. सायन्सला गेलात तर अकरावीतच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करा. नॉन-क्रीमीलेअर मात्र शेवटी, कारण ते त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालतं. शिष्यवृत्तीसाठी मुलीच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं हवं.

आता पैसा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हे ऐकून बायका हरखतात. पण अट लक्षात ठेवा, प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतूनच हवा. कुणीतरी ओळखीचा सांगतो, "आत्ताच पैसे भरा, व्यवस्थापन कोट्यातून जागा पक्की," आणि घाबरून आपण भरतो. तिथं ही माफी मिळत नाही.

आणि फी माफ झाली तरी एसटी आहेच. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना पास मोफत असतो. बारावी झाली की तो बंद होतो, आणि मुलीचं शिक्षण किती दूरपर्यंत जाणार हे त्या दिवशी घरात चुलीपुढं ठरतं. बार्शी ते सोलापूर साधारण ७० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर मुलगी पहाटे निघून अंधारात परतणार. म्हणून वसतिगृहाची चौकशी नववी-दहावीतच करून ठेवा. समाजकल्याणची मुलींची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना आहे, इतर काहींसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह भत्ता योजना आहे. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या, त्या त्या वर्षी वाचूनच अर्ज करायचा.

बाकी वाटांबद्दल थोडक्यात. "मार्क चांगले आहेत, सायन्स घे" या एका वाक्यानं आमच्या भागातल्या किती मुली दोन वर्षं नुसत्या घुसमटल्या, त्याचा हिशेब नाही. सायन्सला गेलीच तर गणित सोडताना दहादा विचार करा. गणित सुटलं की इंजिनिअरिंगची वाट बंद, जीवशास्त्र सुटलं की नीटची. नर्सिंगचा तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा कला शाखेच्या मुलीलाही करता येतो, हे सांगितलं की आया अवाक होतात. बीसीए, बीबीएला २०२४ पासून सीईटी आली, ते न कळल्यानं आमच्याकडच्या दोघी त्या वर्षी खोळंबल्या.

तर धाकटीची गोष्ट. तिचं पान भरताना आई-वडील दोघं समोर बसलेले. "काय व्हायचंय तुला?" "फार्मसी," ती खाली मान घालून म्हणाली. वडिलांचे डोळे भरून आले. थोरलीचं राहिलेलं धाकटी पूर्ण करणार! मी मान डोलावली. मग त्यांना बाहेर बसवलं आणि वही तिच्यापुढं सरकवली. बराच वेळ पेन तसंच धरून बसली. मग एकच शब्द लिहिला: नकाशे.

झालं होतं असं, की त्यांचं घरकुल मंजूर होऊन पाया खणत होते तेव्हा ही मिस्त्रीच्या मागं मागं. वडिलांची शिलाईची टेप घेऊन खोल्यांची मापं काढायची, वहीत चौकोन आखायची. एकदा मिस्त्रीची चूक तिनं दाखवली. मोरीचं दार उघडल्यावर चुलीला अडत होतं. मिस्त्रीनं आधी हसून घेतलं आणि मग दार दुसऱ्या बाजूला घेतलं. हे सगळं सांगताना पोरगी न थांबता बोलत होती. सहा महिन्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा करता येतो, त्याला सीईटी नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, पोरगी उन्हात साइटवर उभी राहणार? गवंडी-बिगाऱ्यांत? आणि तिच्या लग्नाला कोण विचारील?" मी समजावत होते, पण माझं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. इतका वेळ गप्प असलेली आई पदराशी चाळा करत म्हणाली, "थोरलीच्या वेळी मी काही बोलले नाही. सगळे म्हणाले तसं होऊ दिलं. ह्या वेळी पोरगी म्हणते तसं होऊ द्या."

वडील त्या दिवशी हो म्हणाले नाहीत. दोन महिने घरात अबोला होता म्हणे. मग कोरोना आला, सगळंच थांबलं. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला, आणि त्या गोंधळात एक दिवस ते स्वतःच दुकानातून उठून आले. "त्या सोलापूरच्या फॉर्मचं काय म्हणत होता?"

धाकटी सोलापूरला गेली. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षी तिनं वैधतेचा अर्ज केला, तेव्हा पुरावा म्हणून जोडलं ते थोरलीचं नोव्हेंबरात आलेलं प्रमाणपत्र. पुन्हा आजोबांच्या शाळेचं कपाट उघडावं लागलं नाही. २०२४ मध्ये ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लागली, नेमकी फी माफ झाली त्याच वर्षी. सुट्टीत आली की माझ्या घराच्या भिंतींवरच्या ओलीकडे बघून मला चार गोष्टी सुनावते.

आणि थोरली? मध्यंतरी तिचाच फोन आला. मुलगी आता बालवाडीत जाते. "बाई, डी.फार्मसी दोन वर्षांची असते ना? माझं बारावी सायन्स चालेल का?" मी म्हटलं, चालेल. सासूबाई नातीला सांभाळायला तयार आहेत. नवरा अजून "बघू" म्हणतो. मी तिला सांगितलं, वैधता प्रमाणपत्राला मुदत नसते, ते माहेरून घेऊन ये. नॉन-क्रीमीलेअर आणि डोमिसाईलचं या महिन्यातच बघ, निकालाची वाट पाहू नकोस. शनिवारी ये, तुझं पान काढून ठेवते.

"माझं पण पान?" ती हसली. पुढच्या शनिवारी साडेअकराला येते म्हणाली आहे.