संगणकाच्या तळघरात (भाग ९) : हाक नावानं, काम नंबरानं

आमच्या नोव्हाय गावाच्या नावाची एक गोष्ट इथं नव्यानं राहायला आलेल्या प्रत्येकाला ऐकायला मिळते. डेट्रॉइटहून निघणाऱ्या ग्रँड रिव्हर रस्त्यावरचा सहावा टोलनाका म्हणे इथं होता. पाटीवर क्रमांकासाठी 'नो.' आणि पुढे रोमन सहा, म्हणजे व्ही आणि आय. लोकांनी ते सलग वाचलं आणि गाव नोव्हाय झालं. गोष्ट गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. हे नाव १८३२ मधलं आणि टोल घेणारा लाकडी फळ्यांचा रस्ता त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. तरी मला ती आवडते, कारण आजचा विषय त्याच गुंत्याचा आहे. एकाच गोष्टीला एक नाव आणि एक नंबर असेल, तर कोणावरून कोणाला शोधायचं आणि किती वेळा?

मागच्या भागात आपण फर्मवेअर पाहिलं. यंत्राच्या अंगातच भरून येणारी ही आज्ञावली कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आधी जागी होते. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर कर्नेल सुरू झाल्यानंतरही तिचा एक भाग सेवेला हजर राहतो. त्याचं नाव रन-टाइम अ‍ॅबस्ट्रॅक्शन सर्व्हिसेस, थोडक्यात आरटीएएस. घड्याळातली वेळ सांगणं, तापमानाच्या सेन्सरचं वाचन देणं, यंत्र बंद करणं, थांबलेला प्रोसेसर सुरू करणं अशी कामं लिनक्स कर्नेल त्याच्याकडून करून घेतं.

प्रत्येक कामाला एक नाव ठरलेलं आहे. वेळ विचारायची तर 'गेट-टाइम-ऑफ-डे'. पण फर्मवेअरला नाव कळत नाही, त्याला नंबर लागतो. या नंबराला टोकन म्हणतात. कुठल्या कामाचं टोकन किती, हे त्या त्या यंत्राचं फर्मवेअर ठरवतं, त्यामुळे कर्नेल लिहिताना ते आकडे लिहून ठेवता येत नाहीत. यंत्र सुरू होताना फर्मवेअर 'डिव्हाइस ट्री' नावाचा एक तक्ता कर्नेलच्या हाती देतं. त्यात ही नावं आणि त्यांची टोकनं असतात.

अनेक वर्षं कर्नेलची रीत साधी होती. वेळ हवी असली की नाव घेऊन डिव्हाइस ट्रीकडे जायचं, पहिल्या ओळीपासून एकेक नाव ताडून पाहायचं, सापडलं की टोकन घ्यायचं. हा शोध चालू असताना तक्त्याला कुलूप लागायचं आणि त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद असायचे. इंटरप्ट म्हणजे दारावरची घंटा. नेटवर्कवरून काही आलं, डिस्कचं काम झालं, तर ती वाजते. यादी वाचून होईपर्यंत दार उघडायचं नाही, असा हा प्रकार. वेळ क्षणाच्याही बारीक अंशाचा, हे मान्य. पण ज्या प्रश्नाचं उत्तर यंत्र सुरू झाल्यापासून बदललेलं नाही, तो पुन्हा पुन्हा विचारण्यासाठी घंटा बंद ठेवायची, हे मला पटत नाही.

याच्या उलटा शोध, म्हणजे नंबरावरून नाव काढणं, २०२० मध्ये महत्त्वाचा झाला. साध्या प्रोग्रॅमनाही, पुरेसा अधिकार असेल तर, कर्नेलमार्फत आरटीएएसला काम सांगता येत होतं. त्या वाटेनं कर्नेलची स्मृतीच बदलता येईल, ही सुरक्षेतली फट ध्यानात आली आणि परवानगी असलेल्या कामांची एक चाळणी बसवली गेली. प्रोग्रॅम मात्र नुसता नंबर पाठवतो. म्हणून कर्नेलला विचारावं लागतं, हा नंबर कोणाचा? त्यासाठी पुन्हा एक छोटी यादी वरपासून खालपर्यंत वाचली जायची.

एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.३ मध्ये ही व्यवस्था बदलली. ती समजायला शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. मी रविवारी इथल्या मुलांना मराठी शिकवते. माझ्या वहीत मुलांची नावं वर्णानुक्रमानं आधीच लिहिलेली असतात. पुढचा नंबराचा रकाना वर्ग सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी एकदाच भरते. कर्नेलनं हेच केलं. माहीत असलेल्या सगळ्या आरटीएएस कामांचा एक तक्ता कर्नेलमध्येच लिहिला. नाव आणि चाळणीचे नियम पक्के, टोकनाची जागा रिकामी. यंत्र सुरू होताना डिव्हाइस ट्री वाचून ती जागा भरायची. जे काम या यंत्रात नाही, त्याच्यापुढे 'माहीत नाही' ही खूण राहते.

नावं क्रमानं लावलेली असल्यानं शोध मधूनच सुरू करता येतो. निम्मी यादी वगळायची, उरलेलीतली निम्मी वगळायची. शंभर नावं असली तरी सात वेळा ताडून पाहिलं की काम होतं. उलट्या शोधासाठी वेगळी सोय आहे, एक्सअरे. ही आकड्यांवर चालणारी रचना आहे. नंबर दिला की ती थेट त्या कामाच्या नोंदीवर नेऊन सोडते.

वेगापेक्षा मला पुढची पायरी मोलाची वाटते. पूर्वी नाव अवतरणचिन्हांत, साध्या अक्षरांच्या रूपात लिहिलं जायचं. एक अक्षर चुकलं तरी कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, काही बोलायचा नाही. यंत्र चालू झाल्यावर उत्तर यायचं, 'माहीत नाही'. फर्मवेअरमध्ये ते काम खरंच नाही की आपलंच शुद्धलेखन चुकलं, हे त्या उत्तरावरून ओळखता येत नसे. दोन्हींना एकच उत्तर! आता प्रत्येक कामाला कर्नेलमध्ये एक ठरलेली खूण आहे. ती चुकीची लिहिली तर कर्नेल बांधलंच जात नाही. चूक ग्राहकाच्या सर्व्हरवर रात्री दोन वाजता उघडी पडायची, ती लिहिणाऱ्याच्या टेबलावर दुपारीच पकडली जाते. ज्यानं कधी दुसऱ्याच्या यंत्रावरची अशी चूक शोधत रात्र काढली आहे, त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

त्याच आवृत्तीत आरटीएएसच्या प्रवेशद्वारावर ट्रेसपॉइंट बसले, म्हणजे कोण कधी आत गेलं आणि कधी बाहेर आलं याची नोंद. ही नोंद वाचणाऱ्या इंजिनिअरला नुसता आकडा दिसून उपयोग नाही, त्याला नाव हवं. नंबरावरून नाव चटकन मिळण्याची सोय आधी झाली, म्हणून ही नोंद माणसाला वाचता येते.

ट्रेसपॉइंट म्हणजे नेमकं काय आणि चालत्या कर्नेलला धक्का न लावता तो कसा बसवतात, ते पुढच्या रविवारी पाहू.