कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर शिक्षक का टिकत नाहीत?

‘शिक्षक टिकत नाहीत’ असं ऐकलं की वाटतं, लोक नोकरी सोडून जात असतील. इंग्लंड-अमेरिकेत तसं होतं. तिथे ताण असह्य झाला की अनेक शिक्षक पेशाच सोडतात. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत चित्र वेगळं आहे. जिल्हा परिषदेची कायम नोकरी सहसा कुणी सोडत नाही. सोडली जाते ती शाळा.

हे समजून घ्यायला आधी बदलीचे नियम बघावे लागतात.

तीन वर्षं डोंगरावर, मग खाली

जिल्हा परिषदेच्या शाळा ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशा दोन क्षेत्रांत विभागलेल्या असतात. पाऊस, डोंगरी भूभाग, वाहतुकीची सोय, मोबाइलची रेंज अशा निकषांवर हे ठरतं. २०१७ च्या आणि नंतर ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयानुसार अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढली की शिक्षक ‘अधिकारप्राप्त’ होतो आणि ऑनलाइन बदलीत पसंतीची शाळा मागू शकतो.

म्हणजे अवघड शाळेत काम केल्याचं बक्षीस काय, तर तिथून निघण्याचा हक्क.

हा नियम अन्यायाचा नाही. ज्यांच्या ओळखी आहेत ते रस्त्यालगतच्या शाळेत आणि बाकीचे वर्षानुवर्षं डोंगरावर, ही शिक्षकांची जुनी तक्रार होती. ऑनलाइन बदल्यांनी ती बरीच कमी केली. पण वाडीच्या बाजूने पाहिलं तर हिशेब उलटा दिसतो. इथल्या अनेक वाड्या ठाकूर आणि कातकरी समाजाच्या आहेत. पहिलीतलं मूल घरची बोली बोलत येतं, पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असतं. ती बोली कानावर बसायला, कोणतं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं हे कळायला नव्या गुरुजींना किंवा बाईंना एक-दोन वर्षं सहज लागतात. सूर जुळतो तोवर बदलीचा अर्ज भरायची वेळ आलेली असते.

त्यात कोकणात नोकरीला लागलेले बरेच शिक्षक मराठवाडा, विदर्भ किंवा पश्चिम महाराष्ट्रातले. म्हातारे आईवडील गावी, शेती गावी. त्यांचं लक्ष आंतरजिल्हा बदलीकडे असतं, आणि त्यात चूक काही नाही.

दोघांपैकी एक गेला की

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात. वाडीवरची शाळा बहुतेक वेळा अशी दोनशिक्षकीच. एक जण प्रशिक्षणाला, रजेवर किंवा निवडणुकीच्या कामावर गेला की उरलेल्याच्या वाट्याला सगळे वर्ग येतात, शिवाय पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणंही. (रेंज नसेल तर ही माहिती भरायला टेकाड चढावं लागतं, ते कुठल्याच अहवालात येत नाही.) कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम देऊ नका म्हणतं. तरी कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं नाही, याची यादी राज्याला ऑगस्ट २०२४ मध्ये काढावी लागली.

पुढच्याच महिन्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला. त्याविरोधात २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजेवर गेले. वाडीवर असा पट नवलाचा नाही. कंत्राटी माणूस तरी तिथे किती काळ राहील, हा प्रश्न तेव्हाही होताच.

पगार आणि घर

नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ म्हणून जातात. प्राथमिकला हे मानधन बरीच वर्षं महिना ६,००० रुपये होतं, ते २०२३ मध्ये १६,००० झालं. वाढ मोठी, पण कर्जत-नेरळ हा आता फार्महाऊस आणि मुंबईला लोकलने जाणाऱ्यांचा पट्टा आहे आणि घरभाडं त्याच हिशेबाने चालतं. शिक्षकांनी मुख्यालयी राहावं अशी सरकारची अपेक्षा असते. वाडीत भाड्याने खोली कुठून मिळणार, याचं उत्तर कुणी देत नाही. मग बदलापूरहून लोकल, पुढे रिक्षा किंवा दुचाकी, शेवटी पायवाट. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, तेव्हा बचावपथकांनाही डोंगर पायीच चढावा लागला होता. अशा वाटेने जुलैत रोज शाळा गाठायची असते.

काय करता येईल?

बदल्या बंद करणं हा उपाय नव्हे. जबरदस्तीने ठेवलेला शिक्षक वर्गात असतो, मनाने नसतो. ज्याला स्वखुशीने थांबायचंय त्याला थांबण्याचा मोबदला मिळाला, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षासाठी भत्ता आणि केंद्रशाळेजवळ राहायला खोली, तर निदान निवड खरी होईल. दुसरं, बदली झालेला शिक्षक आणि नवा शिक्षक यांना दोन आठवडे तरी एकत्र द्यायला हवेत. कोणतं मूल कधी भट्टीवर जातं, कोणाच्या घरी कोणती बोली आहे, ही माहिती पोर्टलवर भरायला रकाना नाही.