ब्रेक का किंचाळतात?

सिग्नलचा लाल दिवा लागतो, मोटार हळू होते आणि अगदी थांबता थांबता तिच्या चाकांतून असा कर्कश आवाज निघतो की फुटपाथवरचा माणूस दचकून मागे पाहतो. चालवणारा ओशाळतो. शेजारी बसलेल्याला वाटते, ब्रेक गेले! गंमत अशी की त्या क्षणी ब्रेक बहुधा आपले काम चोख बजावीत असतात. उलट ज्या आवाजाकडे आपण 'जरासे घासते आहे' म्हणून दुर्लक्ष करतो, तो कधीकधी खरा धोक्याचा असतो. कोणता आवाज कशाचा हे ओळखायचे, तर मुळात हा आवाज निर्माण कसा होतो ते आधी पाहिले पाहिजे.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक तबकडी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड आणि या पॅडना धरून ठेवणारी कॅलिपर नावाची पकड, अशी त्याची रचना असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, कॅलिपरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड तबकडीला चिमटीत धरतात. मागच्या चाकांना पुष्कळ गाड्यांत ड्रम ब्रेक असतात. त्यांत लायनर बसवलेले अर्धगोल शू फिरत्या ड्रमवर आतून दाबले जातात.

आता थोडे गणित करू. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा होते २,००,००० ज्यूल. ती ५ सेकंदांत थांबवली, तर ब्रेकना सरासरी ४०,००० वॅट या दराने ऊर्जा शोषून घ्यावी लागते. ही जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ४८ अंशांनी वाढेल. आणि आवाजाकडे किती जाते? कान किटवणाऱ्या किंचाळीला वॅटचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो! म्हणजे ४०,००० वॅटच्या व्यवहारातली ही एक नगण्य गळती. आवाज झाला म्हणून ब्रेकची ताकद कमी झाली असे होत नाही, ते यामुळेच. आणि ही गळती पुरती बुजवणे इतके अवघड का, हेही यावरून ध्यानात येईल.

पण मुळात घर्षणातून कंपन व्हावेच का? घर्षण गतीला विरोध करते, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. मग कंपने त्याने दाबून टाकायला हवीत. ती वाढवण्याचे काम ते कसे करते?

इथे थोडे सावकाश वाचा. घर्षणाचा विरोध दोन पृष्ठभागांच्या सापेक्ष गतीला असतो. तबकडी फिरते आहे, पॅड कॅलिपरमध्ये बसलेले आहे. तबकडी पॅडला आपल्याबरोबर पुढे ओढू पाहते, म्हणजे पॅडवरचे घर्षणबल तबकडीच्या गतीच्या दिशेने असते. आता समजा, काही कारणाने पॅड किंचित पुढे-मागे हलू लागले. ते पुढे जाते, तेव्हा त्याची आणि तबकडीची सापेक्ष गती कमी होते. मागे येते, तेव्हा ती वाढते. पुष्कळ पदार्थांत सापेक्ष गती कमी झाली की घर्षण वाढते. तेव्हा पॅड पुढे जात असताना त्याला पुढे ढकलणारे बल अधिक, आणि मागे येत असताना त्याला अडवणारे बल कमी, असा प्रकार होतो. झोपाळ्याला दर फेरीत योग्य वेळी लहानसा धक्का मिळावा, तसेच हे. प्रत्येक कंपनात थोडी थोडी ऊर्जा जमा होते आणि कंपन वाढत जाते. ही ऊर्जा अर्थातच मोटारीच्या गतीतून येते.

घरी एक प्रयोग करून पाहा. काड्यापेटीत चार-पाच नाणी भरा, तिला एक रबरबँड अडकवा आणि रबराचे दुसरे टोक धरून पेटी टेबलावरून अगदी हळूहळू ओढा. पेटी सरळ येत नाही. अडकते, रबर ताणले जाते, पेटी एकदम घसरते, पुन्हा अडकते. तीच पेटी भरभर ओढली, तर बऱ्यापैकी सलग येते. स्थैतिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, त्याचा हा परिणाम. ब्रेकची किंचाळी भर वेगात क्वचित आणि गाडी थांबता थांबता हमखास ऐकू येते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

सारंगी किंवा व्हायोलिन वाजते तेही याच तत्त्वावर. गज तारेला पकडून ओढतो, तार सुटते, पुन्हा पकडली जाते. ही पकड घट्ट व्हावी म्हणून तर वादक गजाला राळ लावतो. गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करून १९१८ साली एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला होता. त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणारा प्रकाशाविषयीचा शोध त्यानंतर दहा वर्षांनी, १९२८ मध्ये लागला.

मात्र एवढ्याने ब्रेकचे कोडे पुरते सुटत नाही. गतीप्रमाणे घर्षण बदलत नसले, तरीही ब्रेक किंचाळू शकतात, हे इंग्लंडमधील आर. टी. स्पर यांनी १९६१ साली दाखवून दिले. त्यांचा मुद्दा समजायला हातात एक काठी पुरे. काठीचे टोक जमिनीला टेकवून ती मागून फरफटत नेली, तर निमूटपणे येते. तीच तिरकी धरून पुढे रेटत नेली, तर टोक जमिनीत रुतते, काठी वाकते, टोक उसळी मारून सुटते आणि पुन्हा रुतते. पॅडची पुढची कड तबकडीला अशाच कोनात भिडली, तर तीही रुतत-सुटत जाते. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच. खडूचा कोन बदला, किंवा तो अर्धा मोडून टोकाजवळ धरा, आवाज बहुधा बंद होतो. (हा प्रयोग वर्गात करायचा, तर आधी गुरुजींची परवानगी घ्यावी. काहींना तो आवाज मुळीच सोसवत नाही!)

तिसरी गोष्ट म्हणजे तबकडी स्वतःच. तिला टांगून हातोडीने हलकेच ठोका, ती घंटेसारखी वाजते. प्रत्येक तबकडीच्या स्वतःच्या काही ठरलेल्या वारंवारता असतात. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेवर गज फिरवला की वाळू निस्पंद रेषांवर गोळा होते आणि सुंदर आकृत्या उमटतात, हे क्लाडनी यांनी १७८७ साली प्रसिद्ध केले. ब्रेकची तबकडीही अशाच आकृत्यांमध्ये कंप पावते. पॅड आणि कॅलिपर यांनाही स्वतःच्या वारंवारता असतात. यांतल्या दोन जवळजवळ आल्या की दोन कंपने एकमेकांचा हात धरतात. तबकडी थरथरली की पॅडवरचा दाब बदलतो, दाब बदलला की घर्षण बदलते, घर्षण बदलले की पॅड डोलते आणि ते पुन्हा तबकडीला हलवते. १९७८ साली जर्मनीतील संशोधकांनी लेसर होलोग्राफीने किंचाळणाऱ्या ब्रेकची कंपने टिपली, तेव्हा केवळ तबकडीच नव्हे, तर पॅड आणि कॅलिपरही कंप पावताना दिसले. हे हेलकावे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. आवाजाची वारंवारता साधारण १,००० ते १६,००० हर्ट्झ. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून इतके सूक्ष्म कंपनही डोके उठवते.

आता निदानाकडे वळू. पावसात किंवा गाडी धुतल्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीचे ब्रेक सकाळी पहिल्या दोन-चार वेळा खरखरतात. तबकडीवर गंजाचा पातळ थर चढलेला असतो, तो पुसला गेला की आवाज थांबतो. त्याची काळजी नको.

हलका ब्रेक लावला की कुईं, जोरात लावला की बंद, असे असेल, तर ती वर सांगितलेली कंपने. पॅड पुरेसे जाड असतील, तर हा प्रकार त्रासाचा, पण धोक्याचा नव्हे.

तिसरा आवाज मात्र नीट ओळखायला हवा. अनेक गाड्यांच्या पॅडला पोलादाची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर सुमारे १० मिलिमीटर असतो. तो झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ही पट्टी तबकडीला टेकून बारीक किंकाळी फोडू लागते. पुष्कळदा ती ब्रेक न लावता, गाडी नुसती चालत असतानाही ऐकू येते आणि ब्रेक दाबल्यावर थांबते. म्हणजे ब्रेक लावल्यावर होणारा आवाज आणि ब्रेक लावल्यावर थांबणारा आवाज यांत मोठा फरक आहे! दुसरा आवाज ऐकला, तर पॅड बदलण्याची वेळ झाली असे समजावे, आणि एका चाकाचे बदलले तर जोडीच्या चाकाचेही बदलावे. या सूचनेकडे काणाडोळा केला की पुढचा आवाज जात्यासारखी घरघर. थर संपला, पॅडच्या पाठीची पोलादी पट्टी तबकडीला खरवडते आहे. अशी गाडी चालवू नये, ती उचलून गॅरेजात न्यावी.

उपायांबाबत एक चूक वारंवार होते. दाराची बिजागरी करकरली की आपण तेल घालतो, तसे ब्रेकच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर तेल किंवा ग्रीस लावायचे. आवाज थांबतो खरा, पण ब्रेकही थांबतात! पॅडमध्ये मुरलेले तेल पुन्हा निघत नाही. तो पॅड फेकूनच द्यावा लागतो. आपल्याला घर्षण कमी करायचे नाही, कंपनांचे अवमंदन वाढवायचे आहे. म्हणून जाणकार मेकॅनिक इलाज करतो तो पॅडच्या पाठीला. तेथे तो रबराचा थर असलेली शिम बसवतो, किंवा उष्णता सोसणाऱ्या खास ग्रीसचा पातळ हात देतो. वाजणाऱ्या थाळीला बोट लावले की ती गप्प होते, तेच हे. शिवाय तो कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या आहेत का पाहतो, पॅडची पुढची कड घासून तिरकी करतो (काठी आठवा), आणि तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरडतो किंवा पॅडच बदलतो. तबकडी बिडाची का असते, याचे उत्तरही थोडे इथेच आहे. बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे त्यात पोलादापेक्षा अवमंदन बरेच जास्त असते.

ड्रममध्ये साठलेली काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती वाईट आहे. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोगासारखे आजार होतात. लायनर कशाचे आहे हे नुसते पाहून कळत नाही. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

मोटारीचे चाक तुम्ही खोलू नका, ते मेकॅनिकवर सोपवा. पण सायकल तुमच्या हातातली आहे. केबलचे ब्रेक असलेली सायकल किंचाळत असेल, तर आधी रिम आणि ब्रेकचे रबर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करा. तरी आवाज राहिला, तर रबराचा नट सैल करा, रबराच्या मागच्या टोकाखाली, रबर आणि रिम यांच्यामध्ये, पोस्टकार्डाची घडी ठेवा, ब्रेक दाबून धरा आणि नट पक्का आवळा. घडी काढल्यावर चाक ज्या दिशेने फिरत जाते त्या बाजूची, म्हणजे पुढची कड रिमला आधी टेकेल आणि मागची मागाहून. मग सायकल घेऊन मैदानात एक फेरी मारा आणि नीट कान देऊन ऐका.