सरखेलांचे कागद, शत्रूंची दप्तरे

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भेटतात. पर्लकोटेला पूर आला की गाव तुटतं. मग पलीकडे जायचं तर डोंगा. आमचं नौकानयन एवढंच, आणि तेही पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाणारं. अशा ठिकाणच्या माणसाला संपादकांनी विषय दिला : कान्होजी आंग्रे यांची कारकीर्द आणि त्यांचे कागदपत्र. किनाऱ्यावरच्या लेखकाला कान्होजी घरचेच वाटतात. मला परक्याला पहिला प्रश्न पडला तो असा, की तीस वर्षं आरमार चालवलेल्या या माणसाचं स्वतःचं लिखाण आहे कुठे?

कारकीर्द थोडक्यात सांगता येते. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजरांच्या मागून मराठी आरमार कान्होजींकडे आलं. आधी राजाराम, मग ताराबाई, आणि १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहू महाराजांचा पक्ष. १७१८ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्ग आणि खांदेरीवर हल्ले केले, दोन्ही फसले. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. बाजीराव मदतीला धावून आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि ती मोहीमही फुकट गेली. ४ जुलै १७२९ रोजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी वारले. समुद्रावर त्यांना हरवणं त्यांच्या हयातीत कोणाला साधलं नाही.

कागदांचा हिशेब मात्र विचित्र आहे. त्यांच्याविषयीचा मोठा मजकूर त्यांच्या शत्रूंनी जपला. इंग्रजांच्या मुंबई सरकारच्या डायऱ्या आज मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत. पोर्तुगीजांची दप्तरं पणजीला आहेत. त्या संग्रहाचा आरंभ १५९५ चा. मराठी बाजू शोधायची तर पुण्याचं पेशवे दप्तर आहे, हजारो रुमालांत बांधलेलं. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास खालसा झालं. पुढे शंभर वर्षांनी, १९३९ मध्ये, दा. गो. ढबू यांनी कुलाबकर आंग्रे घराण्याचा इतिहास लिहिला.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एक कागदच आहे : दस्तक. कोकणपट्टीवरून जाणाऱ्या गलबताने सरखेलांचा परवाना घ्यायचा, त्याचा आकार भरायचा. नसेल तर गलबत जप्त. यात नवीन काही नव्हतं. पोर्तुगीज दोनशे वर्षं आपला कार्ताझ असाच विकत आले होते. इंग्रजही आपले पास देत. वाद होता तो देशी व्यापाऱ्यांच्या मालाचा. माल सुरतेच्या सावकाराचा आणि निशाण इंग्रजांचं, तर ते जहाज कोणाचं? इंग्रज म्हणत, आमचं. कान्होजी म्हणत, निशाणाने मालक बदलत नाही. १७१३ च्या तहात इंग्रजांनी हे बहुतांशी कबूल केलं आणि काही वर्षांत याच मुद्द्यावर तह मोडला. इंग्रजांनी त्यांच्यावर केलेला चाचेगिरीचा आरोप या अंगाने वाचला की तो जकातीचा तंटा दिसू लागतो.

१७२४ मध्ये कान्होजींनी मुंबईचे गव्हर्नर विल्यम फिप्स यांना दिलेलं उत्तर इंग्रजी रूपात टिकलं आहे. त्यात गयावया नाही. व्यापारीही लोभातून सुटलेले नाहीत. जगाची रीतच ही. देव कोणाला थेट काही देत नाही, एकाचं घेऊन दुसऱ्याला देतो, असा त्यातला आशय. हा सूर मला फार आवडला. एका राज्याचा अधिकारी दुसऱ्या राज्याशी बोलतो तसा तो आहे.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते तारखांपाशी. मराठी कागदावर सुहूर सन असतो, आणि तो आकड्यांत नसून अरबी संख्यांच्या मराठी रूपांत असतो. ‘इसन्ने अशरीन मया व अलफ’ म्हणजे दोन, वीस, शंभर आणि हजार : ११२२. हा सन मृगाला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. कुलाब्याची लढाई डिसेंबरातली, म्हणजे १७२१ बरोबर जुळतं. महिना मात्र मुसलमानी चांद्र. पुष्कळ पत्रांवर सन नसतोच, नुसती ‘छ’ घालून चंद्राची तारीख. तिकडे इंग्रजांचं पंचांग १७५२ पर्यंत पोर्तुगीजांच्या मागे : अठराव्या शतकात अकरा दिवसांनी. शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. कान्होजींनी पकडलेल्या गव्हर्नर एस्लाबींच्या नौकेवरच्या कॅथरिन चाऊन हिची सुटका आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७१३ मध्ये झाली; जुन्या इंग्रजी रीतीने तेव्हा १७१२ सालच चालू होतं. एकाच चकमकीचे तीन कागद तीन तारखांचे निघतात, आणि बेसावध वाचक त्यांतून तीन चकमकी करतो.

असे कागद एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम एकट्याने पेललेला माणूस म्हणजे पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे. १९३१ पासून तीस वर्षं त्यांनी गोव्याचं दप्तर सांभाळलं. पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही कागदांवर त्यांची सारखी पकड होती. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ त्यातूनच झाला.

आज अडचण आहे ती अशा माणसांचीच. मराठी कागदांची मोडी लिपी शिकवली जाते. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे वर्गही असतात. पण छापील कित्त्यावरची मोडी वेगळी आणि घाईतल्या कारकुनाची वेगळी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा नसते, नावं अर्धी असतात. वर्ग पूर्ण केलेल्यांना जमिनीचे जुने कागद वाचण्याचं काम मिळतं, आणि पोटासाठी ते त्याच वाटेने जातात. त्यात त्यांचा दोष नाही. पोर्तुगीजचं तसंच. गोव्यात ती भाषा घरी बोलणारी पिढी आटत चालली. जुनी हस्तलिखित पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारे थोडेच. कागदांची छायाचित्रं काढून ठेवणं गरजेचंच आहे, कारण कोकणातल्या दमट हवेत शाई आणि कागद दोन्ही झिजतात. मात्र छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. न वाचलेला रुमाल संगणकात गेला तरी न वाचलेलाच राहतो.

दुसरी अडचण ओढ्याची. इंग्रजी डायऱ्या वाचायला सोप्या, म्हणून लेखक तिकडेच वळतात. १७३७ मध्ये लंडनला छापलेलं क्लेमंट डाउनिंगचं पुस्तक तर कोणीही उघडू शकतो. तो स्वतः त्या मोहिमांत होता. त्याची साक्ष मोलाची, पण ती एका बाजूच्या खलाशाची. जो कागद सहज वाचता येतो तोच इतिहास ठरतो आणि ‘पायरेट आंग्रिया’ पुन्हा छापला जातो. आपण त्याला उत्तर म्हणून पुतळे उभारतो. १९५१ मध्ये नौदलाने मुंबईतल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ नाव दिलं. ज्या बॉम्बे कॅसलमधून त्यांच्यावर मोहिमा ठरत, त्याचे अवशेष आज याच तळाच्या आवारात आहेत. हा मान उचितच. पण नावाने आरोप खोडता येत नाही, त्याला पुरावा लागतो.

मागणी फार मोठी नाही. मोडी, पोर्तुगीज आणि जुनी इंग्रजी वाचणारी तीन माणसं एका टेबलाशी बसवावीत, पाच-सात वर्षांचा पगार द्यावा आणि १६९८ ते १७२९ एवढ्याच काळाची एक तारीखवार जंत्री करून घ्यावी. एका घटनेपुढे तिन्ही दप्तरांतला मजकूर. जो मजकूर प्रतिकूल निघेल तोही त्यात छापावा, कारण तहासारखेच तंटेही सरखेलांच्या कारकिर्दीचा भाग होते. पुढच्या पुतळ्याआधी हा खर्च व्हावा.