निवड दिली, सल्ला राहिला
नव्या पदवीची वाट : लेखांक ३

क्रेडिट म्हणजे काय आणि सत्राला २० ते २२ क्रेडिट कशी भरतात, हे गेल्या दोन लेखांत पाहिले. आता त्यापुढचा प्रश्न : ही क्रेडिट कोणत्या विषयांची घ्यायची, हे विद्यार्थ्याने कोणाच्या भरवशावर ठरवायचे? मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत हा प्रश्न फारसा पडत नसे. एफ.वाय. बी.कॉम.ला प्रवेश घेतला की विषय ठरलेलेच. निवडीचा खरा प्रसंग यायचा तो टी.वाय.ला अप्लाइड कम्पोनंट घेताना. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ही चौकट बदलली. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यवसाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे रकाने विद्यार्थ्यापुढे आले. निवड आली हे चांगलेच झाले. पण निवडीबरोबर सल्ल्याचीही व्यवस्था लागते, आणि ती मात्र ज्या त्या महाविद्यालयाच्या उत्साहावर सोडलेली दिसते. सल्ल्याला वेळापत्रकात तास मिळायला हवा आणि तो योग्य वेळी मिळायला हवा, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

ही अडचण काही आपणच पहिल्यांदा अनुभवत नाही. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. विषय निवडायची मोकळीक मिळालेली मुले गोंधळू लागली, तेव्हा त्याच विद्यापीठाला नवागतांसाठी प्राध्यापकांचे सल्लागार मंडळ नेमावे लागले. पण त्या दोन घटनांमध्ये जवळपास वीस वर्षे गेली. तेवढा वेळ आपल्याकडे नाही.

चुकीच्या निवडीने बिघडते काय, असे कोणी विचारेल. बरेच बिघडू शकते. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे वाणिज्यच्या मुलीला कला किंवा विज्ञानाकडचे काहीतरी निवडायचे आहे, आणि त्या विषयांची तिला ओळखही नाही. मायनरचे महत्त्व त्याहून मोठे. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार एम.ए., एम.एस्सी.साठी मेजरइतकाच मायनरही पात्रता देऊ शकतो. मायनर म्हणजे उच्च शिक्षणाचा दुसरा दरवाजा, आणि तो ‘सोपा आहे म्हणे’ एवढ्या माहितीवर निवडला जातो. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडले की प्रमाणपत्र मिळते, हे सगळ्यांच्या तोंडी आहे; त्यासाठी ४० ते ४४ क्रेडिटशिवाय कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा इंटर्नशिपची आणखी ४ क्रेडिट लागतात, हे फार थोड्यांच्या कानी पडते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. हे पाचव्या सत्रात कळून उपयोग नाही, कारण पहिल्या सत्राचे गुण तोवर पक्के झालेले असतात.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण इथल्या एका वर्गात फार वेगवेगळी घरे एकत्र येतात. वाशीचे रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय घ्या, नेरूळचे एसआयईएस घ्या किंवा नवीन पनवेलचे चांगू काना ठाकूर महाविद्यालय. सिडकोने जमिनी घेतलेल्या गावांतली मुले, कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी कुटुंबांतली मुले आणि नोकरदारांच्या सोसायट्यांमधली मुले शेजारी शेजारी बसतात. ही रचना पदवीधर आईवडिलांनाही नवीच आहे, पण कोणाला फोन करून विचारायचे ते त्यांना ठाऊक असते. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाला तोही आधार नाही. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि शेजारी जेएनपीए बंदर आहेच. त्यामुळे ‘एव्हिएशन’, ‘लॉजिस्टिक्स’ अशी नावे असलेल्या विषयांचे आकर्षण वाढणार हे उघड आहे. दोन क्रेडिट म्हणजे तासिकांचे ३० तास किंवा प्रात्यक्षिकाचे ६०. एवढ्याने तोंडओळख होते, नोकरीची पात्रता येत नाही. हे मुलाला समोर बसवून सांगणारे कोणीतरी हवे. माहितीपत्रक हे सांगणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की निवड मुळात कागदावरच आहे. महाविद्यालय दोनच मायनर देते, मग सल्ला कसला द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे. लहान महाविद्यालयांना शिक्षकच पुरत नाहीत. पण पर्याय थोडे असले की ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम महत्त्वाचे ठरतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तिथून घेण्याची मुभा संस्था देऊ शकते, आणि कोणता चालेल हे सांगणे हेच सल्लागाराचे काम. शिवाय मुलांना काय हवे होते आणि काय मिळाले नाही, याची नोंद झाली, तर पुढच्या वर्षी कोणता विषय सुरू करावा हे महाविद्यालयालाही कळेल.

दुसरा आक्षेप : अठरा वर्षांची मुले मतदान करतात, सीनियरना विचारून विषयही निवडतील. पण विचारणार कोणत्या सीनियरना? संलग्न महाविद्यालयांतली नव्या रचनेची पहिली तुकडी तीन वर्षांची पदवी २०२७ मध्ये पूर्ण करणार. तोवर तिथे हा रस्ता शेवटपर्यंत चाललेला कोणीही नाही. व्हॉट्सॲपवर फिरते ते बहुतेक ऐकीव, आणि अनेकदा दुसऱ्याच विद्यापीठाचे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : शिक्षकांना वेळ कुठे आहे? हिशेब करून पाहू. १२० जणांची तुकडी चार शिक्षकांत वाटली, तर प्रत्येकाकडे ३० विद्यार्थी येतात. प्रत्येकाला वर्षातून दोनदा अर्धा तास दिला, तर वर्षाचे ३० तास होतात. अध्यापनाचे ३० आठवडे धरले, तर आठवड्याला एक तास. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे असतात; त्यात हा एक तास मोजून धरला, तर तो भार राहत नाही. खरी अडचण तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची आहे. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकेचे, सल्ल्याचे नाही. त्यांच्याकडून हे काम फुकट करून घेणे म्हणजे योजना पहिल्याच दिवशी बुडवणे. या तासाचे मानधन शासनाने मान्य करायला हवे, आणि शासन निर्णयात त्यासाठी एक ओळ पुरेल.

‘मेंटॉर-मेंटी’ योजना आहेच की, असेही सांगितले जाते. आहे, नॅक मूल्यांकनात मेंटॉरमागे किती विद्यार्थी हे विचारले जाते, म्हणून रजिस्टरही भरले जाते. पण त्यात हजेरी आणि घरची अडचण यांच्याच नोंदी राहिल्या, तर पुढच्या सत्राचा विषय कधी ठरवायचा? आणि हे ठरवण्याची वेळ जूनच्या प्रवेशाच्या गर्दीत नसावी. तेव्हा मुलाने एकही व्याख्यान ऐकलेले नसते. पहिली बैठक पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर, मायनर पक्का होण्याआधी घ्यावी. समोर गुणपत्रक, क्रेडिट बँकेचे खाते आणि तीन वर्षांच्या सहा सत्रांचा एक कोरा तक्ता असावा. त्या खात्यात क्रेडिट किती काळ टिकतात आणि मध्येच शिक्षण सोडून परत येणाऱ्याचे काय होते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.